परवडणारा कंडेन्सर माइक : फरक नेमका कुठे असतो?

घरातल्या खोलीत ध्वनिमुद्रण करू पाहणारा माणूस, मग तो पुस्तकांचे अभिवाचन करणारा असो, भावगीते गाणारा असो की बासरी वाजवणारा, माइकच्या खरेदीला निघाला की त्याच्यापुढे पाच हजारांपासून पंचवीस हजार रुपयांपर्यंतचे डझनभर कंडेन्सर मायक्रोफोन येतात. दिसायला ते एकमेकांचे सख्खे भाऊ शोभावेत असे असतात : मनगटाएवढे जाड नळकांडे, वर धातूची जाळी आणि सोबत रबरी दोऱ्यांचा झुला. प्रत्येकाच्या खोक्यावर ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असे छापलेले असते आणि प्रत्येकजण स्वतःला स्टुडिओच्या दर्जाचा म्हणवत असतो. या माइकमध्ये खरा फरक कुठे असतो, त्यातला कोणता कानाला जाणवतो आणि कोणता केवळ माहितीपत्रकात राहतो, हे येथे पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो. या किमतीत पहिले मोजमाप माइकचे नव्हे, तर तो ज्या खोलीत उभा राहणार त्या खोलीचे घ्यावे लागते, आणि दुसरे आपल्या तोंडून निघणाऱ्या ‘च’, ‘स’ आणि ‘श’ यांचे.

कंडेन्सर हा शब्द विद्युतशास्त्रातला आहे. दोन वाहक पृष्ठभाग एकमेकांच्या अगदी जवळ, पण न टेकता ठेवले की त्यांच्यावर विद्युतभार साठवता येतो. माइकच्या कॅपसूलमध्ये, म्हणजे आवाज टिपणाऱ्या मुख्य भागात, यातला एक पृष्ठभाग म्हणजे बारीक छिद्रे पाडलेली धातूची स्थिर चकती असते आणि दुसरा म्हणजे सोन्याचा अतिसूक्ष्म मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा पडदा. हा पडदा साधारणपणे ३ ते ६ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. आवाजाच्या लाटांनी तो थरथरला की दोन्ही पृष्ठभागांमधले अंतर बदलते, आणि साठलेला भार तेवढाच राहत असल्यामुळे विद्युतदाब आवाजाच्या बरहुकूम वरखाली होतो. ई. सी. वेंट यांनी अमेरिकेत १९१६ साली या तत्त्वावर माइक बनवला, आणि शंभराहून अधिक वर्षांनंतरही मूळ कल्पना तीच आहे. सभागृहात हातात धरायच्या डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तांब्याच्या तारेचे वेटोळे चिकटवलेले असते व ते ओझे पडद्याला प्रत्येक वेळी हलवावे लागते. कंडेन्सरच्या पडद्यावर असे ओझे नसल्यामुळे तो बारीक व चपळ आवाज अधिक सहजपणे टिपतो. त्याच कारणाने शेजारच्या घरातली कुकरची शिट्टीही तो अधिक सहजपणे टिपतो, हे मात्र जाहिरातीत सांगितले जात नाही.

कॅपसूलमधून निघणारा संकेत इतका नाजूक असतो की तो केबलमधून लांब जाऊ शकत नाही, म्हणून माइकच्या पोटातच एक छोटे विद्युतमंडल बसवावे लागते, आणि त्याला वीज लागते. ही वीज त्याच केबलमधून उलट दिशेने पाठवण्याची पद्धत म्हणजे फँटम पॉवर. तिचा ४८ व्होल्ट हा आकडा कोणत्याही सखोल सिद्धांतातून आलेला नाही. नॉयमन या जर्मन कंपनीने १९६६ साली नॉर्वेच्या नभोवाणीसाठी केएम ८४ हे माइक बनवले, तेव्हा तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची व्यवस्था आधीच होती, म्हणून तोच दाब ठरला आणि पुढे जगभर रूढ झाला.

काही माइकमध्ये कॅपसूलवर बाहेरून भार द्यावा लागत नाही, कारण तिथे कारखान्यातच कायमचा भार बसवलेले द्रव्य वापरलेले असते. यांना इलेक्ट्रेट म्हणतात. बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ साली यांचा व्यवहार्य प्रकार तयार केला. ‘इलेक्ट्रेट म्हणजे दुय्यम’ अशी एक समजूत आपल्याकडे दुकानदारापासून ग्राहकापर्यंत पसरलेली आहे, ती चुकीची आहे. डेन्मार्कच्या डीपीएचे शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणात मान्यता पावलेले ४००६ हे माइक याच जातीचे आहेत, आणि नवशिक्यांचा लाडका ऑडिओ-टेक्निका एटी२०२० हाही याच जातीचा आहे. समजूत पसरण्याचे एक कारण मात्र समजण्यासारखे आहे. ‘बीएम-८००’ या नावाने निरनिराळ्या छापांखाली अत्यंत स्वस्तात विकल्या जाणाऱ्या माइकमध्ये मोठ्या जाळीच्या आत बहुधा एक छोटीशी इलेक्ट्रेट कॅपसूल असते. बाहेरून मोठ्या पडद्याचा भास आणि आत वेगळेच काही, अशी ही रचना आहे. दोष इलेक्ट्रेटचा नसून त्या देखाव्याचा आहे.

आता तुलनेकडे वळू. माहितीपत्रकातली सर्वांत उपयोगी ओळ म्हणजे सेल्फ नॉइज. खोलीत पूर्ण शांतता असतानाही माइकच्या आतले विद्युतमंडल जो हलकासा ‘स्स्स’ असा आवाज करत राहते, तो जणू बाहेरूनच येत आहे असे मानून डेसिबलमध्ये सांगितलेला हा आकडा असतो. एटी२०२० चा आकडा २० आहे. त्याच कंपनीच्या थोड्या महाग एटी२०३५ चा १२ आहे. ऑस्ट्रेलियातल्या रोड कंपनीच्या एनटी१-ए चा ५ आणि २०२३ साली आलेल्या पाचव्या पिढीच्या एनटी१ चा ४ आहे. गंमत अशी की काही लाख रुपये किमतीच्या आणि जगभरातल्या स्टुडिओंत प्रमाण मानल्या जाणाऱ्या नॉयमन यू ८७ एआय या माइकचा आकडा १२ आहे, म्हणजे या एका बाबतीत त्याला त्याच्या किमतीच्या अगदी छोट्या अंशात मिळणारा माइक मागे टाकतो.

पण हा आकडा वाचून लगेच पाकीट काढू नये, आधी थोडे गणित करावे. समजा, आपण माइकपासून १५ सेंटिमीटरवर बसून पुस्तक वाचत आहोत. साध्या बोलण्याचा आवाज तिथे ७५ डेसिबलच्या आसपास पोहोचतो. माइकचा स्वतःचा आवाज २० असेल तर आपला आवाज आणि माइकची कुजबुज यांत ५५ डेसिबलचे अंतर पडते. संगणकाच्या मोजपट्टीवर शून्य म्हणजे कमाल पातळी आणि बाकी सारे त्याखाली, उणे आकड्यांत असते. वाचनाची सरासरी पातळी तिथे उणे २० वर ठेवली तर ती कुजबुज उणे ७५ वर जाऊन बसते. ऑडिबलच्या एसीएक्स या सेवेत श्राव्य पुस्तकासाठी पार्श्वभूमीचा आवाज उणे ६० पेक्षा वर नसावा, असा नियम आहे. म्हणजे सर्वांत स्वस्त, ‘गोंगाट करणारा’ म्हणून हिणवला जाणारा माइकही ही परीक्षा १५ डेसिबल राखून उत्तीर्ण होतो. आता खोलीचे पाहा. शांत वस्तीतल्या खोलीत रात्रीही साधारण ३० डेसिबल आवाज असतोच, तो उणे ६५ वर येतो, म्हणजे काठावर उत्तीर्ण. छताचा पंखा लावला आणि खोलीचा आवाज ४५ वर गेला की तो उणे ५० वर येतो आणि आपण नापास होतो. यातली मोजणी ढोबळ आहे, पण दिशा स्पष्ट आहे : या प्रसंगात माइक बदलून काहीही मिळणार नाही, पंखा बंद करून सगळे मिळेल.

डेसिबलची बेरीज साध्या अंकांसारखी होत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे. ३० डेसिबलच्या खोलीत २० डेसिबलचा माइक ठेवला तर एकूण आवाज ३०.४ होतो. त्याच खोलीत ५ डेसिबलचा माइक ठेवला तर तो ३०.०१ होतो. दोन माइकमधला पंधरा डेसिबलचा फरक, ज्यासाठी जवळपास दुप्पट पैसे मोजले जातात, तो प्रत्यक्षात अर्ध्या डेसिबलहूनही कमी उरतो. येथे एक सावधगिरीची टीप जोडायला हवी. खोलीचा आवाज बहुतांशी खालच्या पट्टीत, घरघरीसारखा असतो, तर माइकचा वरच्या पट्टीत, फुसकाऱ्यासारखा असतो, त्यामुळे आकड्यांत बुडालेली कुजबुज कानाला कधी कधी वेगळी ऐकू येते. तरीही जवळून बोलणाऱ्या माणसाने तिचा धसका घेण्याचे कारण नाही.

तानपुऱ्याची गोष्ट निराळी आहे. तारांचा झंकार मोकळा यावा म्हणून माइक थोडा लांब ठेवावा लागतो आणि तिथे पोहोचणारा आवाज समजा ५५ डेसिबल आहे. २० डेसिबलच्या माइकने अंतर ३५ उरते, ५ डेसिबलच्या माइकने ५० उरते, आणि हा फरक हेडफोन लावलेल्या कोणालाही ऐकू येतो. स्वरमंडळ, संतूरचे शेवटचे विरत जाणारे सूर, दूरवरून टिपलेली बासरी, कुजबुजल्यासारखे अभिवाचन, या सर्वांना कमी सेल्फ नॉइजचा माइक खरोखर लागतो. अट एकच की खोलीही तितकीच शांत हवी. भर रस्त्यावरच्या दुसऱ्या मजल्यावर चार डेसिबलचा माइक घेऊन बसणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

गोंगाटाचा हिशेब झाला की उरतो तो माइकचा स्वभाव, आणि माझ्या मते या किमतीतला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी समजावून सांगितला गेलेला फरक तोच आहे. त्याचे मूळ १९६० सालात आहे. त्या वर्षी नॉयमनने यू ६७ हा माइक आणला आणि त्यासाठी के६७ ही कॅपसूल बनवली. या कॅपसूलची वरची पट्टी मुद्दाम उंचावलेली होती, आणि माइकच्या आतले विद्युतमंडल तीच पट्टी तितक्याच हिशेबाने खाली आणत असे, म्हणजे दोघांचे मिळून अंतिम चित्र संतुलित होत असे. १९६७ च्या यू ८७ मध्येही हीच युक्ती राहिली. पुढे चीनमधल्या कारखान्यांनी या धाटणीच्या कॅपसूल मोठ्या संख्येने आणि अतिशय स्वस्तात बनवायला सुरुवात केली, आणि आज बाजारातल्या कितीतरी छापांच्या पोटात त्याच वंशातली कॅपसूल असते. पण तिच्यासोबतचे विद्युतमंडल अनेकदा साधे, वरची पट्टी खाली न आणणारे असते. अर्धी पाककृती उचलल्यासारखे हे आहे : तिखट तेवढेच घातले, गूळ विसरला. परिणामी ८ ते १२ किलोहर्ट्झच्या आसपास चार-पाच डेसिबलचा, कधी त्याहूनही मोठा उंचवटा राहतो.

दुकानात पहिल्यांदा ऐकताना हा उंचवटा मोहक वाटतो, कारण आवाज ‘स्वच्छ’ आणि ‘महागडा’ भासतो. तासभराचे वाचन ऐकल्यावर मात्र तोच कानाला टोचू लागतो. मराठी बोलणाऱ्याला याचा त्रास जरा जास्तच होतो, कारण आपल्या भाषेत दोन तऱ्हेचे ‘च’ आहेत. ‘चंद्र’ आणि ‘चिमणी’ यांतला ‘च’ टाळूपाशी उच्चारला जातो, तर ‘चोर’ आणि ‘चमचा’ यांतला दातांपाशी. दातांपाशी उच्चारलेल्या ‘च’मध्ये ‘त’ला चिकटून ‘स’चा फुसकारा येतो, आणि तो नेमका त्या उंचवट्याच्या प्रदेशात पडतो. ‘ज’ आणि ‘झ’ यांचीही हीच कथा आहे : ‘जीव’ निभावून जातो, ‘जहाज’ आणि ‘झाड’ खरवडतात. परदेशी समीक्षकाने ‘मऊ’ म्हणून गौरवलेला माइक मराठी अभिवाचनात धारदार वाटतो तो यामुळेच, कारण त्याने तो आपल्या वर्णमालेवर पारखलेला नसतो. माइक घेण्यापूर्वी ‘चुलीवरच्या चहात चमच्याने साखर घोळवली’ असे एखादे वाक्य नेहमीच्या आवाजात मुद्रित करून ऐकावे. त्यासोबत ‘भ’ आणि ‘फ’ यांनी भरलेले एखादे वाक्यही घ्यावे, कारण महाप्राण व्यंजनांबरोबर तोंडातून हवेचा जो झोत सुटतो, तो पडद्यावर आदळून ‘धप्प’ असा आवाज करतो. यावरचा उपाय स्वस्त आहे : मध्ये जाळीचा पॉप फिल्टर ठेवावा आणि माइक तोंडाच्या थेट समोर न ठेवता थोडा बाजूला घ्यावा.

या कसोटीवर वर उल्लेखलेल्या माइकची जागा अशी लागते. एनटी१-ए ची वरची पट्टी उठावदार आहे. खर्जातल्या, जरा दबलेल्या पुरुषी आवाजाला ती उघडते, पण धारदार आवाजाला आणखी धार लावते. एनटी१ त्या मानाने सपाट आहे, म्हणून अभिवाचनासाठी मी त्याला झुकते माप देईन. एटी२०२० चा पडदा अवघ्या १६ मिलिमीटरचा आहे, तो फारसा रंग चढवत नाही आणि हार्मोनियमसारख्या मुळातच तिखट वाद्यासमोर तो बऱ्याचदा महाग भावंडांपेक्षा शहाणपणाने वागतो.

‘वरची पट्टी जास्त असली तर संगणकात कमी करता येईल’, असे कोणी म्हणेल आणि ते अर्धे खरे आहे. इक्वलायझरने ९ किलोहर्ट्झपाशी दोन-तीन डेसिबल उतरवले तर बराचसा टोचरेपणा जातो. पण माइक समोरून जसा ऐकतो तसा बाजूने ऐकत नाही. समोरचा आवाज थेट येतो आणि बाजूने येतो तो भिंतींवरून परतलेला आवाज. स्वस्त माइकमध्ये या बाजूच्या आवाजाचा रंग अनेकदा बिघडलेला, डब्यातून आल्यासारखा असतो. दोन्ही एकदा मिसळले की इक्वलायझरला ते वेगळे करता येत नाहीत. म्हणून रिकाम्या, फरशीच्या खोलीत दोन माइकमधला फरक मोठा वाटतो, आणि त्याच खोलीत मागे गादी उभी केली, बाजूला दोन गोधड्या टांगल्या की तो आश्चर्यकारकरीत्या आक्रसतो. शिवाय अंतर निम्मे केले की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोली आपोआप मागे पडते. मात्र फार जवळ गेल्यास खर्ज फुगतो, तेव्हा एका वितीचे अंतर हे बोलण्यासाठी बरे.

मोठ्या आवाजाची सहनशक्ती हा आकडा घरगुती वापरात क्वचितच आड येतो. एटी२०२० चा हा आकडा १४४ डेसिबल आहे, तर यू ८७ एआय चा ११७, आणि त्यावरचा पॅड, म्हणजे संकेत कमी करणारी कळ, लावल्यास १२७. यावरून स्वस्त माइक श्रेष्ठ ठरत नाही, पण तबल्याच्या अगदी जवळ माइक लावणाऱ्याने हा आकडा पाहावा. ढोल-ताशाच्या पथकासमोर कंडेन्सर नेण्यापेक्षा साधा डायनॅमिक माइक नेणे शहाणपणाचे.

माहितीपत्रके वाचताना दोन गोष्टींनी फसगत होते. सेल्फ नॉइज मोजण्याच्या पद्धती दोन आहेत, आणि त्याच यू ८७ एआय चा आकडा एका पद्धतीने १२ तर दुसरीने २३ येतो. तेव्हा दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी दोन्हींपुढे एकच एकक लिहिलेले आहे ना, हे तपासावे. दुसरी गोष्ट म्हणजे तो ‘२० ते २० किलोहर्ट्झ’. या पट्ट्यात माइक किती डेसिबलने वरखाली होतो हे सोबत सांगितले नसेल, तर ‘मुंबई ते नागपूर रस्ता आहे’ असे सांगण्याइतकाच त्याचा अर्थ उरतो. रस्त्यात घाट किती, हे त्यातून कळत नाही.

स्वतः तुलना करायची असेल तर दोन्ही माइक जाळीला जाळी जवळजवळ टेकवून उभे करावेत आणि एकच वाचन दोन्हींवर एकाच वेळी मुद्रित करावे. आज एक आणि उद्या दुसरा असे करू नये, कारण माणसाचा गळाही रोज बदलतो. त्यानंतर दोन्हींची पातळी सारखी करणे हे सर्वांत महत्त्वाचे आहे. दोन माइकची संवेदनशीलता वेगळी असते : तेवढ्याच आवाजाला एटी२०२० सुमारे १४ मिलिव्होल्ट देतो तर एनटी१-ए २५, म्हणजे दुसरा ५ डेसिबलने मोठा ऐकू येतो, आणि दोनांपैकी मोठा ऐकू येणारा आवाज माणसाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. पातळ्या अर्ध्या डेसिबलच्या आत आणल्यावर घरातल्या कोणाला तरी फायलींची नावे बदलून द्यायला सांगावे आणि कोणता माइक कोणता हे न कळता ऐकावे. माझा अनुभव असा की या परीक्षेनंतर निम्म्या ठाम मतांची हवा जाते, आणि जी उरतात ती बहुधा ‘स’ आणि ‘च’ यांच्याविषयीची असतात.

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट कोणत्याही परदेशी परीक्षणात सापडत नाही, ती म्हणजे पावसाळा. कॅपसूल आणि पहिला ट्रान्झिस्टर यांच्यामधला मार्ग अतिशय उच्च रोधाचा असतो. जुलै महिन्यातल्या दमट हवेचा थर तिथे बसला की विद्युतभार झिरपू लागतो आणि मुद्रणात मध्येच तडतड, फटफट असे आवाज येतात. माइक बिघडला असे समजून लोक तो दुरुस्तीला नेतात आणि कोरड्या खोलीत दोन दिवस राहिल्यावर तो आपोआप बरा होतो. वातानुकूलित खोलीतून काढलेला गार माइक दमट हवेत लगेच जोडू नये, त्यावर दव धरते. काम झाल्यावर तो स्टँडवर तसाच न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापराव्यात. ओल्या मोबाइलवरचा घरगुती उपाय म्हणून माइक तांदळाच्या डब्यात ठेवणारेही आहेत. तांदूळ ओलावा फारसा शोषत नाही, आणि त्याचा बारीक भुगा जाळीतून आत जाऊन त्या सहा मायक्रॉनच्या पडद्यावर बसतो.